पुठ्ठ्याची शेगडी: घरी करायला सोपी, विकायला अवघड



मागच्या व्हिडिओत पुठ्ठ्याची भातुकलीची शेगडी दाखवली आणि नेहमीचाच प्रश्न पुन्हा आला: "ताई, बॉक्स तर फुकट मिळतात. मग हीच खेळणी करून विकली तर? भांडवल काहीच नाही, नफाच नफा!"

आज त्याचंच उत्तर देते. हा प्रयोग मी स्वतः करून बसले आहे. २०२२ च्या दिवाळीत मी अशा १४ शेगड्या विकल्या, खूश झाले, आणि नंतर एका फोनने माझे डोळे उघडले. तो फोन कसला होता ते पुढे येईलच. आधी शेगडी कशी करायची ते नीट समजून घेऊ, कारण धंद्याचा निर्णय त्या करण्यातूनच निघतो. वही-पेन घेऊन बसा, शेवटी होमवर्क आहे.

सुरुवात कशी झाली

माझं कराडला स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे. माझी मुलगी तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. दुकानात मी, आणि पायात ती. घरून आणलेली खेळणी पाच मिनिटांत बाजूला पडायची, आणि मालाचा रिकामा बॉक्स मात्र तासभर पुरायचा. एक दिवस तिने बॉक्स उलटा घातला, त्यावर माझा चहाचा रिकामा कप ठेवला आणि मला म्हणाली, "आई, चा केला."

दीड वर्षाच्या आसपास मुलं रिकामा कप तोंडाला लावून पिण्याचं नाटक करायला लागतात. मग बाहुलीला भरवतात. दोन-तीन वर्षांची झाली की एका वस्तूला दुसरीच वस्तू मानतात, म्हणजे बॉक्स शेगडी होतो आणि कागदाचा बोळा बटाटा होतो. आपल्याकडे याला भातुकली म्हणतात. आपण सगळे ती खेळूनच मोठे झालो. माझ्या सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी करवंटीचं पातेलं आणि विटेच्या तुकड्यांची चूल असायची. विकत काहीच आणायचे नाहीत.

बालशिक्षणातही ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्याबरोबर हे काम कोसबाडला गेलं. महागडं साहित्य आणण्याऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून मुलांना शिकवणं, हा त्या कामाचा मोठा भाग होता. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी तर टाकाऊ वस्तूंपासून करायच्या शेकडो खेळण्यांची कृती सगळ्यांसाठी फुकट उपलब्ध करून दिली आहे. म्हणजे कल्पना नवी आहे म्हणून गिऱ्हाईक येईल, या भ्रमात राहू नका. कल्पना सगळ्यांकडे आहे. तुम्ही वेगळं काय देणार, हे शोधायचं.

बॉक्स निवडताना

शेजारच्या किराणावाल्या काकांकडे गेलात की दहा बॉक्स मिळतील. पण सगळे घेऊ नका.

- कीटकनाशक, फिनेल, डिटर्जंट, रंग, ऑइल यांचे बॉक्स अजिबात नको. बिस्किट, वही, कपडे यांचे चालतात.
- वास घ्या. कुबट वास आला किंवा कोपरा ओलसर लागला तर सोडून द्या.
- घरी आणल्यावर झटका, पट्ट्या उघडा आणि दिवसभर कडक उन्हात ठेवा. किराणाच्या बॉक्समध्ये झुरळांची अंडी येतात.
- आतली सिलिका जेलची पुडी, पिना, प्लास्टिकच्या पट्ट्या आधीच काढून टाका.

पुठ्ठा हातात घेऊन कडेने बघा. दोन कागदांमध्ये नागमोडी नळ्या दिसतात. एक नळीचा थर असेल तर तो ३ प्लाय, दोन असतील तर ५ प्लाय. शेगडीला ३ प्लाय पुरतो. मूल ज्यावर हात टेकून भार देणार तिथे ५ प्लाय वापरा. नळ्या उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर बसतो. माझी पहिली शेगडी दोन दिवसांत वाकली ती याच चुकीमुळे.

शेगडी करताना

मी ४० × ३० × १५ सेंटीमीटरच्या आसपासचा बॉक्स घेते. शेगडी जमिनीवर ठेवली तर मूल बसून खेळतं. उभं राहून खेळायचं असेल तर खाली दुसरा बॉक्स जोडा, उंची मुलाच्या कोपराइतकी ठेवा. दोन वर्षांचं मूल ओट्यावर रेलतं, लोंबकळतं. म्हणून खालचा बॉक्स पोकळ ठेवू नका. आत पुठ्ठ्याच्या घड्या घट्ट बसवा. वजनासाठी दगड, वीट टाकू नका. बॉक्स फाटला की ते पायावर येतं.

१. कापताना स्टीलची पट्टी आणि चांगलं पातं वापरा. एका दमात दाबून कापू नका, तीन हलके हात फिरवा. दाबून कापलं की कड चुरगळते. हे काम मूल झोपल्यावरच करा, आणि कटर उंचावर ठेवा.

२. घडी घालायची तिथे रिकाम्या रिफिलने रेघ दाबून घ्या, मग मोडा. घडी सरळ येते.

३. बर्नरसाठी १२ सेंटीमीटरचे गोल कापा, काळा कागद लावा आणि पूर्ण पृष्ठभागाला फेविकॉल लावून चिकटवा. नुसते चार ठिपके लावले तर मूल नखाने उचकटतं.

४. बटणांसाठी प्रत्येकी ६ सेंटीमीटरचे तीन गोल एकमेकांवर चिकटवा. जाड कागदाची घट्ट गुंडाळी करून आस तयार करा. आस बॉक्सच्या भोकातून आत घाला आणि आतून आणखी एक ६ सेंटीमीटरचा गोल आसाला चिकटवा. बटण फिरतं, पण ओढून बाहेर येत नाही. आतला हा गोल विसरू नका. माझा फोन यावरूनच आला.

५. सगळ्या कापलेल्या कडांवर ब्राउन पेपर टेपची पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी लावा. पुठ्ठ्याची उघडी कड बोट कापते, आणि मुलं तिथूनच कागद सोलायला सुरुवात करतात.

६. रात्रभर वाळू द्या. वर पुस्तकांचं वजन ठेवा.

चिकटवण्याबद्दल तीन गोष्टी. ग्लू गनने काम पटकन होतं, पण तिचे गार झालेले थेंब टकटकीत सुटतात आणि थेट तोंडात जातात. मी ती फक्त आतल्या बाजूला वापरते. मैद्याची खळ स्वस्त आहे, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि किडे लागतात. आणि बाइंडिंगवाले खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ती तयार खळ कोणी आणून दिली तर लहान मुलांच्या वस्तूला चुकूनही लावू नका. मोरचूद विषारी आहे.

रंग मी लावतच नाही, रंगीत कागद लावते. वर्तमानपत्रही बाहेरच्या बाजूला नको. मूल चाटतं तेव्हा शाई सुटते. चमकी, टिकल्या, मणी, हलणारे डोळे, लोहचुंबक, बटणासारखे चपटे सेल, स्टेपलरच्या पिना, लांब दोरी, यातलं काहीही तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात येता कामा नये. खेळणं साधं दिसलं तरी चालेल.

तो फोन

आता माझी गोष्ट.

मुलीची शेगडी दुकानात काउंटरजवळ असायची. येणाऱ्या ताई विचारायच्या, "ही कुठे मिळते?" मी म्हणाले, करून देते. किंमत २५० रुपये ठेवली, मनाला वाटली म्हणून. दिवाळीपर्यंत १४ गेल्या. ऑर्डर वाढल्यावर वेळ पुरेना, म्हणून मी बटणांची पद्धत बदलली. पुठ्ठ्याचे तीन-तीन गोल कापण्याऐवजी पाण्याच्या बाटलीची झाकणं चिकटवली. दिसायला सुंदर, रंगीत आणि काम निम्म्यावर. मला वाटलं, वा! याला म्हणतात प्रोसेस इम्प्रूव्हमेंट. बीबीए कामी आलं.

भाऊबीजेनंतर एका गिऱ्हाईक ताईंचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या, आवाज फक्त कापत होता. म्हणाल्या, "ताई, निळं झाकण निघालं. त्याच्या तोंडात होतं. मी बघितलं म्हणून. बोट घालून काढलं."

बाळ ठीक होतं. त्या पैसे मागत नव्हत्या. म्हणाल्या, "बाकीच्यांना सांगा तेवढं."

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसून राहिले. माझी मुलगी समोरच तिच्या शेगडीवर भाजी करत होती. तिच्या शेगडीला पुठ्ठ्याची मोठी बटणं होती, कारण ती मी माझ्या मुलीसाठी केली होती. झाकणं मी विकण्यासाठी लावली होती. हा फरक मला आजही टोचतो.

झाकणाची शेगडी ज्या नऊ घरांत गेली होती, त्या सगळ्यांना त्याच दिवशी फोन केले. सहा ताई नंबरवरून सापडल्या. दोघींचा नंबर वहीत नव्हता, त्यांना शोधायला ओळखीतून चार दिवस गेले. एक घर सापडलंच नाही. दिवाळीच्या गर्दीत रोख पैसे देऊन गेलेलं गिऱ्हाईक, नाव नाही, नंबर नाही. मी दुकानाच्या काचेवर पाटी लावली, दोन महिने ठेवली. ते कोणी आलं नाही. आजही मला माहीत नाही ती शेगडी कुठे आहे.

म्हणून पहिला धडा लिहून घ्या: लहान मुलाची कोणतीही वस्तू विकली तर गिऱ्हाइकाचा नंबर घेतल्याशिवाय ती दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. हे मार्केटिंगसाठी करायचं नाही. चूक झाली तर वस्तू परत बोलावता आली पाहिजे, यासाठी करायचं.

चार सेंटीमीटरची नळी

झाकणाचं गणित मला नंतर कळलं. खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकात लहान भाग तपासायला एक ठरावीक नळकांडं असतं, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटणारा भाग त्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकण्याजोगा धरतात. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३ सेंटीमीटरचं. म्हणजे मावतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, तेही मावतं.

घरी करायची सोपी युक्ती: चार्ट पेपरची ४ सेंटीमीटर रुंद नळी करा. सुटू शकणारी जी गोष्ट तिच्यातून खाली पडते, ती खेळण्यात नको. आपण मानकापेक्षा थोडी मोठी नळी घेतो, कारण आपल्याकडे लॅब नाही.

दुसरी तपासणी ओढण्याची. प्रत्येक चिकटवलेला भाग चिमटीत पकडून जोरात ओढा, पिळा, दाताने चावल्यासारखा नखाने ओरबाडा. तुमच्याकडून सुटला तर मुलाकडूनही सुटणार.

तिसरी ओलं करण्याची. एक कोपरा ओल्या फडक्याने दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. पुठ्ठ्याचा लगदा होऊन तुकडे पडतात का बघा. म्हणूनच जे मूल अजून प्रत्येक गोष्ट तोंडात घालतं, त्याला पुठ्ठ्याचं खेळणं देऊच नका. दोन वर्षांपुढच्या मुलालाही मोठं माणूस जवळ असतानाच द्या. कोपरे मऊ पडले की रद्दीत टाका. माझ्या मुलीची एक शेगडी तीन-चार आठवडे टिकते, मग नवीन. घरी हे चालतं, बॉक्स फुकट आहे. गिऱ्हाइकाला मात्र २५० रुपयांत तीन आठवडे टिकणारी वस्तू विकायची आहे, हे लक्षात ठेवा.

कायदा काय म्हणतो

त्या फोननंतर मी माहिती काढायला लागले, तेव्हा दुसरा धक्का बसला. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठीच्या वस्तूवर आयएसआय मार्क हवा. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं लायसन्स लागतं. मानक क्रमांक आयएस ९८७३. त्याचा पहिला भाग टोकं, कडा, लहान भाग अशा गोष्टींचा, दुसरा पेट घेण्याबद्दलचा, तिसरा शिशासारखी घातक मूलद्रव्यं खेळण्यातून सुटतात का याचा. सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ वेगळं.

"पण ताई, आम्ही तर घरगुती करतो." मीही हेच म्हणाले होते. पण "घरगुती" अशी काही सूट नाही. मार्क लागू असलेली वस्तू मार्कशिवाय बनवणं, विकणं, विक्रीसाठी साठवणं किंवा मांडून ठेवणं, यातलं काहीच चालत नाही. म्हणजे मी बनवणारी म्हणूनही चुकले आणि दुकानदार म्हणूनही.

सूट आहे ती दोन प्रकारच्या मालाला. एक, विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेला माल. दोन, भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय नोंदणी असलेली खेळणी, जशी कर्नाटकातली चन्नपट्टणची. आपलं पुठ्ठ्याचं काम हस्तकलेच्या नोंदणीत बसतं का, हे त्यांच्या कार्यालयात विचारूनच ठरवा. कोणीतरी व्हॉट्सॲपवर सांगितलं म्हणून गृहीत धरू नका. नियमांत बदलही होत असतात, त्यामुळे पैसे गुंतवण्याआधी बीआयएसची वेबसाइट बघा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूरला त्यांची शाखा कार्यालयं आहेत. जाऊन विचारा.

तुम्ही फक्त दुकानदार असाल तरी हे तुमच्या कामाचं आहे. होलसेलमधून खेळणी घेताना आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तो खरा आहे का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता हिशेब. इथे सगळे चुकतात

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. नुसत्या पैशांत तरी हा धंदा होता का? माझ्या एका शेगडीचा तेव्हाचा खर्च:

- बॉक्स (भंगारवाल्याकडून, एकसारखा हवा म्हणून): १५ रु.
- फेविकॉल: १२ रु.
- ब्राउन पेपर टेप: १८ रु.
- रंगीत कागद: २० रु.
- चार्ट पेपर: ५ रु.
- कटरचं पातं: ५ रु.
- पॅकिंग: २५ रु.

एकूण १०० रुपये. विक्री २५० ला. म्हणजे १५० नफा? १४ शेगड्यांचे २,१०० रुपये सुटले असं मी नवऱ्याला अभिमानाने सांगितलंसुद्धा.

तो म्हणाला, "आणि वेळ?"

एका शेगडीला पावणेतीन तास लागायचे. दुकानात मदतीला येणाऱ्या ताईंना मी तासाला ८० रुपये द्यायचे. त्या दराने पावणेतीन तासांचे २२० रुपये. खरा खर्च १०० + २२० = ३२० रुपये. विकली २५० ला. म्हणजे प्रत्येक शेगडीमागे ७० रुपये तोटा, १४ शेगड्यांचे ९८० रुपये. हाच हिशेब उलटा मांडा: साडेअडतीस तास राबून २,१०० रुपये, म्हणजे तासाला साधारण ५४ रुपये. माझ्याच दुकानातल्या मदतनीस ताईंपेक्षा कमी पगारावर मी स्वतःला कामाला ठेवलं होतं.

मैत्रिणींनो, हे खास तुमच्यासाठी सांगते. घरात बसून केलेलं काम "वेळ जातो तेवढाच" म्हणून आपण हिशेबात धरत नाही. पापड असोत, राख्या असोत, पुठ्ठ्याची शेगडी असो. तुमचा तास खर्चाच्या यादीत सगळ्यात वर लिहा.

बाहेरगावी पाठवायचं म्हटलं तर आणखी एक खड्डा. कुरिअरवाले हलक्या पण मोठ्या पार्सलचं वजन आकारावरून काढतात. लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५००० हा नेहमीचा हिशेब. आपली शेगडी ४० × ३० × १५, म्हणजे १८,००० भागिले ५,००० = ३.६ किलो. काट्यावर ती किलोसुद्धा भरत नाही, पण पैसे ३.६ किलोचे.

मग यातून कमवायचं कसं?

हातातली कला फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. मीही फेकली नाही. फक्त काय विकायचं ते बदललं.

मी आता शेगडी विकत नाही, शेगडी करायला शिकवते. महिन्यातून एका रविवारी दुकानाजवळच्या हॉलमध्ये दहा पालक येतात. प्रत्येकजण आपल्या घरचा बॉक्स घेऊन येतो, आपल्या मुलासाठी आपल्या हाताने करतो. मी चार सेंटीमीटरची नळी प्रत्येकाच्या हातात देते आणि झाकणाची गोष्ट न लाजता सांगते. एका वर्कशॉपचा हिशेब:

- जमा: १० × ४०० = ४,००० रु.
- साहित्य: १० × ६० = ६०० रु.
- चहा-नाश्ता: ३०० रु.
- हॉलचं भाडं: ५०० रु.
- मदतनीस ताई, ४ तास: ३२० रु.

खर्च १,७२०. उरले २,२८०. तयारी आणि आवराआवर धरून माझे सहा तास, म्हणजे तासाला ३८० रुपये. शेगडी तीच, पुठ्ठा तोच. शिवाय निम्मे पालक जाताना दुकानातून कागद, टेप, फेविकॉल घेऊन जातात, ते वेगळं.

आणखी रस्ते आहेत. शाळेच्या गॅदरिंगचं नेपथ्य, दुकानांची दिवाळीची सजावट, गणपतीची आरास, वाढदिवसाचा फोटोसाठीचा देखावा. ही मुलांच्या हातात द्यायची खेळणी नाहीत. तरी विकताना "हे खेळायला देऊ नका" असं स्पष्ट सांगा आणि बिलावर लिहा. पण खेळणंच विकून वर फक्त "सजावट" असं लिहायचं, ही चलाखी करू नका. मूल लेबल वाचत नाही.

कापलेल्या पुठ्ठ्याचं किट विकायचा विचार येईल. मलाही आला होता. पण ते किट मुलांच्या खेळासाठीच असतं, म्हणून आधी बीआयएसला विचारा, मग छपाई करा.

आणि खेळणीच बनवायची असतील, मनापासून बनवायची असतील, तर लायसन्सच्या वाटेने जा. एकटीला झेपत नसेल तर चार-पाच जणी मिळून एक युनिट करा, एकच चांगलं डिझाइन घ्या, तपासणीचा खर्च आधीच किमतीत धरा. वेळ लागेल. पण मग रात्री फोन वाजला तर छातीत धस्स होणार नाही.

होमवर्क

१. एक शेगडी घरच्या किंवा शेजारच्या मुलासाठी करा. विकू नका. घड्याळ लावून पूर्ण वेळ लिहा, बॉक्स आणायला गेलात तोही.

२. तुमच्या तासाचा एक दर ठरवा आणि खरा खर्च काढा.

३. नळी, ओढणं, ओलं करणं, या तिन्ही तपासण्या करा. जे सुटलं ते वहीत लिहा.

४. मुलाला अर्धा तास खेळताना नुसतं बघा. मधे बोलू नका. ते सगळ्यात आधी काय उचकटतं ते बघा. पुढचं डिझाइन तिथूनच सुरू होतं.

५. याच कलेतून खेळणं न विकता कमवायचे तीन मार्ग लिहा, प्रत्येकाचा हिशेब मांडा.

उत्तरं व्हिडिओखाली टाका, मी स्वतः वाचते. आणि कराड परिसरातलं कोणी हे वाचत असेल, २०२२ च्या दिवाळीत माझ्या दुकानातून निळ्या-लाल झाकणांची पुठ्ठ्याची शेगडी घेतली असेल, तर ती माळ्यावर असली तरी झाकणं काढून टाका आणि मला एक फोन करा. पैसे परत देईन. त्या नवव्या घराचा फोन आला की माझी वही पूर्ण होईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. हिशेब लिहीत राहा!